ग्रुपवर नुसते अंगठे येतात, त्यांचं करायचं काय?

पाव्हणं, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, हे कागल तालुक्यातल्या एका गावचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतात, ४०० च्या वर माणसं आहेत आणि तीन गोष्टींनी वैतागलेत. गावातल्या एका आजोबांच्या निधनाच्या मेसेजवर लोकांनी अंगठे टाकले आणि घरच्या पोरांना ते लागलं. ओढा सफाईच्या श्रमदानाच्या मेसेजवर अंगठ्यांचा आणि बदामांचा पाऊस पडला, पण सकाळी खोरं घेऊन आले पाचसहा जण. आणि पाणीपट्टीच्या मेसेजवर कुणीतरी हसणारं तोंड टाकलं, त्यावरनं दोन घरांत वाजलं ते अजून मिटलेलं नाही. विचारणं असं की हे इमोजी बंदच करून टाकू का, आणि नापसंतीचं एक बटण असतं तर बरं झालं नसतं का.

मी कोल्हापुरात दुकानांची, हॉटेलांची, एका पतसंस्थेची आणि आमच्या पेठेतल्या तालमीची पेजेस आणि ग्रुप सांभाळतो, पोटापाण्याचा धंदाच हा आहे, त्यामुळं दिवसभर अंगठे, बदाम आणि हसणारी तोंडं मोजणं चाललेलं असतंय. तर माझं म्हणणं आधीच सांगतो. तुमची भांडणं इमोजीवरनं दिसतात, पण मूळ अडचण ही आहे की तुम्ही मेसेज टाकताना काही विचारतच नाही आणि आलेल्या अंगठ्याला मात्र उत्तर समजता. शाळेत शिपाई नोटीसवही घेऊन वर्गात यायचा आणि बाई शिकवता शिकवता सही करून वही परत द्यायच्या, आठवतंय? त्या सहीचा अर्थ एवढाच की वही माझ्यापर्यंत आली. बाईंना ती नोटीस पटली का, बाई त्या मीटिंगला जाणार का, ते त्या सहीत कुठंच नसायचं. ग्रुपवरचा अंगठा बहुतेक वेळा ती सही असतीय.

आता हे सगळ्यांना सारखं लागू होतं असंही नाही. ३० जणांचा भाऊबंदांचा ग्रुप असेल तर अंगठ्याचा अर्थ माणसावरनं कळतोय, अमुक काकांनी टाकला म्हणजे ते येणार, तमुक मामांनी टाकला म्हणजे ते फक्त बघून घेतात. ४०० च्या ग्रुपमध्ये तो हिशेब जमत नाही. दुसरं, तुमचा ग्रुप ‘फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकतील’ असा आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. तसा असेल तर लोकांना लिहायला जागाच नाही, प्रतिक्रिया तेवढी टाकता येती, मग दुःख, राग, शंका, टोमणा, ‘मी येतो’, ‘मला जमत नाही’, ‘हे बिल चुकलंय’ हे सगळं त्या एका टिचकीत कोंबलं जातं. मग त्यात चुकीचे अर्थ निघणारच की.

हे बटण मुळात आलं कशाला ते जरा बघू, म्हणजे त्याच्याकडनं किती अपेक्षा करायची ते कळेल. फ्रेंडफीड नावाची एक साइट होती, तिथं २००७ मध्ये लाइक आलं, फेसबुकवर फेब्रुवारी २००९ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी फेसबुकनं फ्रेंडफीडच विकत घेतली. उद्देश साधा होता, कुणाचा फोटो बघितला, बरा वाटला, दरवेळी ‘मस्त’, ‘छान’, ‘अभिनंदन’ लिहीत बसण्यापेक्षा एक टिचकी मारायची आणि पुढं जायचं. म्हणजे हलक्याफुलक्या गोष्टींसाठी केलेली सोय होती ती. लोक मात्र फेसबुकवर हलकंफुलकंच टाकतात असं कुठाय, अपघात टाकतात, आईवडील गेल्याचं टाकतात, नोकरी गेल्याचं टाकतात. आणि खाली बटण तेच. त्यामुळं नापसंतीचं बटण द्या असा धोशा लोकांनी कितीतरी वर्षं लावला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये झुकरबर्गनं सांगितलं की लोकांच्या पोस्टवर वर-खाली मतदान व्हावं असं आम्हाला नको आहे, लोकांना दुःखात सोबत दाखवायची असते त्याच्यासाठी काहीतरी करतोय. त्यानंतर आयर्लंड आणि स्पेनमध्ये आधी चाचणी घेतली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये बदाम, हाहा, वॉव, रडकं तोंड आणि रागावलेलं लाल तोंड सगळीकडं आलं. चाचणीत ‘याय’ नावाचं एक आनंदी तोंडही होतं, ते सगळ्या देशांत सारखं समजत नाही म्हणून काढून टाकलं. कोरोनाच्या वेळी, एप्रिल २०२० मध्ये, बदामाला मिठी मारणारं तोंड जाहीर केलं. व्हॉट्सॲपवर हे प्रकरण आलं मे २०२२ मध्ये, पहिल्यांदा सहाच होते, अंगठा, बदाम, हसू, आश्चर्य, रडू आणि जोडलेले हात, आणि जुलैपासून पाहिजे तो इमोजी टाकायची मोकळीक मिळाली.

म्हणजे एकाची सहा झाली, सहाची हजारो झाली. गोंधळ कमी झाला का? तुमचाच ग्रुप बघा की.

निधनाच्या मेसेजचं आधी घेतो कारण मन तिथंच दुखतंय. आपल्याकडं असा मेसेज कसा असतो बघा: नाव, वय, पश्चात कोण आहे, आणि शेवटी अंत्ययात्रा किती वाजता निघणार, रक्षाविसर्जन कधी. म्हणजे एकाच मेसेजमध्ये दुःखाची बातमी पण आहे आणि वेळापत्रक पण. आमच्या पेठेतले साठीच्या पुढचे जेवढे अंगठे टाकतात त्यातले बरेचसे त्या शेवटच्या ओळीला असतात. वेळ कळली, येतो. तेच मेसेज बाहेरगावी पुण्यात नोकरीला असलेला नातू बघतो तेव्हा त्याला दिसतं काय, की माझा आजा गेला आणि खाली अंगठे वर. दोघंही आपापल्या जागी बरोबरच आहेत. तुम्ही जर त्या म्हाताऱ्या माणसाला ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘अंगठा टाकू नका’ असं सुनावलं, तर तो पुढच्या वेळी काहीच टाकणार नाही, आणि मातीला मात्र न चुकता पहिला हजर असेल.

मी तालमीच्या ग्रुपवर काय करतो सांगतो. बातमीचा मेसेज वेगळा, वेळेचा मेसेज वेगळा. बातमी टाकली की पहिले जोडलेले हात मीच टाकतो, किंवा मंडळातल्या एखाद्या जुन्या माणसाला टाकायला लावतो. पहिला इमोजी जो पडतो त्याच्यामागं लोक बऱ्यापैकी जातात, कारण शोधत बसण्यापेक्षा दिसतोय तोच टाकणं सोपं. मग वेळेचा मेसेज टाकायचा, त्याच्यावर अंगठे येऊ देत, हवे तेवढे, तिथं ते शोभतात. एवढ्यानं निम्मी कटकट जाती. राहिलेली निम्मी जात नाही, कारण जोडलेले हातसुद्धा शेवटी टिचकीच आहे, आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ तरी काय, एकानं लिहायचं आणि खाली पन्नास जणांनी तेच चिकटवायचं. ज्याच्या घरी झालंय त्याला ते मोजायचं नसतं. त्याला लक्षात राहतं ते कुणीतरी ‘तुमचे आबा मला एसटीत जागा धरून ठेवायचे’ असं एक वाक्य लिहिलेलं. तसं वाक्य सुचवणारं बटण अजून तरी कुणी काढलेलं नाही. तुम्हाला जमेल तर त्या घरच्या पोरांना एक फोन करा आणि शक्य असलं तर असं वाक्य असलेला एखादा माणूस त्यांना फोन करेल असं बघा.

हसणाऱ्या तोंडाचा विषय मात्र हार्ड आहे. बाकीच्या इमोजींचा अर्थ इकडंतिकडं होतो, ह्याचा एकदम उलटाच होतो. तुझ्याबरोबर हसतोय की तुझ्यावर हसतोय हे त्या तोंडावर लिहिलेलं नसतं. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम चालू असला की हे बघायला मिळतं. शाहू स्टेडियमवर मॅच संपायच्या आत निकालाची पोस्ट पडलेली असते आणि हरलेल्या तालमीच्या (आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात) पोस्टवर समोरच्या पेठेतनं हाहा यायला लागतात. शिव्या नाहीत, एक शब्द नाही, नुसते हाहा. कमेंट असती तर उडवता आली असती, रिपोर्ट करता आली असती, हाहाला काय करणार? आणि ज्यानं टाकला तो वर म्हणायला मोकळा, ‘मी काय बोललो का काही?’ आपल्याकडं खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी म्हणतात, इथं बोट ह्याचं आणि पलटी आम्ही मारायची. मी तिथं उत्तर देत नाही, पोस्टवर नवीन काही लिहीत नाही, तासाभरात आमच्या गोलकीपरनं अडवलेल्या एका शॉटचा व्हिडिओ टाकतो आणि लोकांना तिकडं बोलायला देतो. हाहावाल्याला खाली ओढायला गेलं की दुसऱ्या दिवशी चौकात निघतं, हे पेठेतलं पोरगंपण सांगेल.

तुमच्या पाणीपट्टीच्या मेसेजचं तसंच काहीतरी झालेलं असणार. त्या माणसाला ‘नळाला पाणी नाही आणि पट्टी कसली मागताय’ असं म्हणायचं असेल, किंवा चुकून बोट लागलं असेल, किंवा खरंच कुणाचं तरी नाव थकबाकीत बघून हसला असेल. तिन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि तोंड एकच. तुम्ही थकबाकीदारांची नावं त्याच मेसेजमध्ये टाकली होती का? टाकली असतील तर ती काढा. नावाखाली हसणारं तोंड आलं की ते त्या नावालाच चिकटतं. आणि त्या माणसाला ग्रुपवर विचारू नका, संध्याकाळी घरी जा, चहा घ्या, सरळ विचारा. माझा अंदाज, तो पाण्याचीच तक्रार सांगेल.

आता नापसंतीचं बटण. यूट्यूबवर ते होतं आणि आहे, पण नोव्हेंबर २०२१ पासून त्याचा आकडा लोकांना दिसायचा बंद केला, कारण ठरवून टोळीनं जाऊन एखाद्याच्या व्हिडिओवर नापसंती पाडायचे प्रकार होत होते आणि छोट्या चॅनलवाल्यांना त्याचा जास्त त्रास व्हायचा. त्याच्याही आधी यूट्यूबवर एक ते पाच तारे द्यायची पद्धत होती. २००९ मध्ये यूट्यूबनंच सांगितलं की बहुतेक लोक पाचच्या पाच तारे देतात, मधले कुणी वापरतच नाही, मग २०१० मध्ये तारे काढून अंगठा वर, अंगठा खाली केलं. म्हणजे बारीक मोजमाप दिलं तरी माणूस बारीक मोजत नाही. आणि गावातल्या ग्रुपवर नापसंती म्हणजे तर विचारूच नका, व्हॉट्सॲपवर कुणी काय टाकलं ते नावासकट दिसतं. सरपंचाच्या मेसेजवर कुणी अंगठा खाली टाकला ते पुढच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपर्यंत लक्षात राहील. तो खाली अंगठा आजसुद्धा इमोजीत आहेच, कुणी टाकतं का? टाकत नाही, गप्प बसतं. तुमच्या ग्रुपमधली खरी नापसंती त्या गप्प बसलेल्यांत आहे आणि ती कुठल्याच बटणातनं बाहेर येणार नाही, पारावर बसलात तर येईल.

लाल तोंडाबद्दल एक गोष्ट सांगतो, तुमच्या ग्रुपला ती लागू नाही कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला तसाच क्रमानं दिसतो, पण गावचं फेसबुक पेज काढायचा विचार असेल तर कामाला येईल. वॉशिंग्टन पोस्टनं २०२१ मध्ये फेसबुकच्या आतल्या कागदपत्रांवरनं छापलं की २०१७ पासून कुठली पोस्ट किती लोकांना दाखवायची हे ठरवताना लाइकला एक धरलं तर ह्या बाकीच्या तोंडांना पाच धरत होते. रागाच्या तोंडालाही पाचच. म्हणजे तुम्ही चिडून लाल तोंड टाकलं तर मशीनला कळायचं की ह्याला हे लाइकपेक्षा पाचपट लागू पडलं, अजून चार जणांना दाखवा. रागाचं वजन शून्य केलं ते सप्टेंबर २०२० मध्ये. आमच्याकडं रस्त्यातल्या खड्ड्याचा फोटो टाकला की लाल तोंडं यायची, ती खड्ड्याला होती, महापालिकेला होती की फोटो टाकणाऱ्यालाच होती हे मला माणसाला कळत नव्हतं, मशीनला काय कळणार.

धंद्यातलं एक उदाहरण देतो, मग श्रमदानाकडं येतो. चप्पल लाइनमधलं एक दुकान माझ्याकडं आहे. कापशी चपलेचा, म्हणजे कोल्हापुरीतल्याच एका प्रकाराचा फोटो, नवीन, वेणी बारीक, उन्हात धरून काढलेला, असा टाकला की बदाम धो धो येतात. त्यातले पुष्कळसे पुणे, मुंबई, दुबईत राहणारे आपले लोक असतात, त्यांना चप्पल घ्यायची नसते, गावची आठवण आलेली असते, आणि त्यात वाईट काही नाही. जून २०२५ मध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आधी आपलं नावपण घेतलं नाही, तेव्हा तर आमच्या साध्यासुध्या पोस्टवरपण लाइक उसळले. मालक खुश, म्हणाले माल वाढवू. मी म्हटलं थांबा, ह्यात अभिमान किती, राग किती आणि गिऱ्हाईक किती ते लाइकवरनं कळत नाही. आम्ही पोस्टच्या शेवटी एक ओळ वाढवली, ‘तुमचा नंबर किती ते खाली लिहा, आहे का बघून सांगतो.’ झालं. लाइक कमी आले, पण ‘९ नंबर, करकर वाजणारी पाहिजे’, ‘वडिलांना ८, अंगठ्याला लागत नाही अशी’ असं लोक लिहायला लागले. मालकांनी त्या कमेंटी वाचून माल भरला. बदामांवरनं माल भरता येत नाही हे त्यांना आता मला सांगावं लागत नाही.

श्रमदानाचं ह्याच जातीचं आहे. तुम्ही मेसेजमध्ये लिहिलं असणार, ‘रविवारी सकाळी ओढा सफाई, सर्वांनी मोठ्या संख्येनं उपस्थित राहावं.’ ह्याला माणूस काय उत्तर देणार? चांगली गोष्ट आहे, अंगठा. त्यानं फसवलं नाही तुम्हाला, तुम्ही त्याला ‘येणार का’ असं विचारलंच नव्हतं. व्हॉट्सॲपवर नोव्हेंबर २०२२ पासून पोल आहे, तो वापरा, एकच उत्तर निवडता येईल असा करा आणि पर्याय कामाच्या भाषेत लिहा: येतो आणि खोरं आणतो, येतो पण हत्यार नाही, येत नाही पण चहानाष्ट्याचं बघतो, ह्या वेळी जमत नाही. शेवटचा पर्याय ठेवाच, नाही तर न येणारे लोक पोल उघडतच नाहीत. कुणी काय निवडलं ते नावासकट दिसतं, म्हणजे शनिवारी रात्री ‘येतो’वाल्यांना फोन करायला यादी तयार. तरीपण सगळे येतील असं समजू नका, पण किती खोरी लागतील त्याचा अंदाज तरी येतो.

पुराचं पण सांगून ठेवतो, कारण तिथं ह्या गोंधळाची किंमत जास्त आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, पावसाळ्यात हे आकडे आमच्या सगळ्या ग्रुपवर तासातासाला फिरतात आणि प्रत्येक मेसेजवर अंगठे पडतात. २०२१ च्या जुलैमध्ये चिखली, आंबेवाडीकडच्या एका ग्रुपवर ‘जनावरं सोडवा, बाहेर पडा’ असा मेसेज होता आणि त्यावर अंगठे. ते अंगठे म्हणजे निघालो, की वाचलं, की वरच्या मजल्यावर बसून बघतोय? मेसेज टाकणाऱ्या पोराला काही कळेना. मग त्यानं दुसरा मेसेज टाकला, घरातली सगळी बाहेर पडली असतील त्यांनीच फक्त कुटुंबाचं नाव लिहा आणि कुठं थांबलाय ते लिहा. नावं येत गेली, उरलेल्यांना फोन लावले. फेसबुकनं ऑक्टोबर २०१४ मध्ये सेफ्टी चेक काढलं तेही असंच आहे, आपत्तीच्या भागातल्या माणसाला एकच विचारायचं, तू सुखरूप आहेस का, आणि त्यानं ‘सुखरूप आहे’ एवढंच दाबायचं. बटणच आहे की तेपण, पण त्याच्या आधी प्रश्न आहे आणि उत्तराचा अर्थ एकच निघतो. म्हणून मी बटणांच्या विरोधात अजिबात नाही.

इमोजी बंद करू का, तर साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तशी सोयच नाही. चॅनल काढलं तर तिथं ॲडमिनला प्रतिक्रिया बंद ठेवता येतात, टेलिग्रामच्या ग्रुपवरही कुठले इमोजी चालतील ते ठरवता येतं. पण मी असतो तर नसतं केलं. ४०० माणसांनी ‘वाचलं’, ‘ठीक आहे’, ‘ओके’ असं लिहायला लागलं तर तुमचा महत्त्वाचा मेसेज दहा मिनिटांत वर निघून जाईल, ती गर्दी अंगठा वाचवतो, ते त्याचं काम तो नीट करतो. आणि कुणी कुणी वाचलं एवढंच बघायचं असेल तर अंगठ्याचीपण गरज नाही, तुमच्या मेसेजवर बोट दाबून धरा, इन्फोमध्ये वाचलेल्यांची यादी येते, समोरच्यानं निळ्या खुणा बंद ठेवल्या असल्या तरी ग्रुपमध्ये ते दिसतं.

तर आधी सेटिंग बघा, फक्त ॲडमिन बोलतात असं असेल तर निदान संध्याकाळी दोन तास तरी सगळ्यांना खुलं करा. पाणीपट्टीचा पुढचा मेसेज टाकताना खाली ‘पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं ते गल्लीच्या नावासकट लिहा’ एवढी एक ओळ टाका, नावांची यादी वगळून. काय उत्तरं आली ते इथंच कळवा, विशेषतः त्या हसणाऱ्या तोंडवाल्यानं काय लिहिलं ते.